टिप देणाऱ्याची कमाई कुठून येते?

‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने यूट्यूबवर शेअर बाजार शिकवणाऱ्या माणसाचे स्वतःचे व्यवहार भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने तपासले. जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या अडीच वर्षांत त्याला सुमारे २ कोटी ८९ लाख रुपयांचा तोटा झाल्याचे त्यातून दिसले. याच काळात तो प्रेक्षकांना नफ्याची हमी देत होता आणि शिकवणीच्या नावाखाली फी घेत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढून त्याला बाजारात व्यवहार करायला मनाई केली आणि त्याच्यासह संबंधितांना १७ कोटी २० लाख रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला सांगितले. ज्याला बाजारात पैसे करता आले नाहीत, त्याने बाजाराविषयी बोलून ते केले होते.

समाजमाध्यमांवरच्या आर्थिक सल्ल्याची चर्चा सुरू झाली की ती बहुतेकदा ‘सल्ला बरोबर होता की चूक’ याच प्रश्नापाशी अडकते. खरे तर नावाजलेल्या फंड व्यवस्थापकांचेही अंदाज चुकतात आणि चुकणे हा गुन्हा नाही. विचारायला हवे ते वेगळेच. हा माणूस बोलतो आहे त्याचे पैसे त्याला कोण देते आहे? ऐकणारा देतो, ब्रोकर देतो, एखाद्या कंपनीचा प्रवर्तक देतो, की आधीच घेऊन ठेवलेले शेअर ऐकणाऱ्याच्या गळ्यात मारून तो स्वतःच वसूल करतो? भारतातला कायदा गेली दहा-बारा वर्षे याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. त्याला उत्तरही बऱ्यापैकी सापडले आहे. सामान्य माणसापर्यंत मात्र ते पोहोचलेले नाही.

सेबीचे गुंतवणूक सल्लागारांसाठीचे नियम २०१३ चे आहेत. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणे हा ज्याचा व्यवसाय आहे, त्याने सेबीकडे नोंदणी केलीच पाहिजे, हा त्यांचा गाभा. मोबदला म्हणजे फक्त रोख फी नव्हे, कोणत्याही स्वरूपातला आर्थिक लाभ त्यात येतो. याचा सरळ अर्थ असा की, जेवताना भाच्याने मामाला ‘अमुक बँकेचा शेअर घेऊन ठेवा’ म्हटले तर कायदा मध्ये पडत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवृत्त शेजाऱ्याने आपण कोणत्या फंडात एसआयपी चालवतो हे लिहिले, तरी तो सल्लागार ठरत नाही. लोकांनी एकमेकांशी पैशाबद्दल बोलावे, हे चांगलेच आहे. मराठी घरांत तर ते आजवर फारच कमी बोलले गेले.

पण फुकट बोलणाऱ्यालाही दोन ठिकाणी जपावे लागते. एक म्हणजे, जाणूनबुजून खोटी माहिती पसरवून शेअरचा भाव हलवणे ही फसवणूक आहे आणि २००३ चे फसव्या व्यवहारांविरुद्धचे नियम नोंदणी असो वा नसो, सर्वांना लागू होतात. दुसरे म्हणजे, कंपनीतून बाहेर न आलेली, भावावर परिणाम करणारी माहिती पुढे पाठवणे. काही कंपन्यांचे तिमाही निकाल जाहीर होण्याआधीच त्यांचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरले होते, तेव्हा ते संदेश पुढे पाठवणाऱ्यांना सेबीने प्रत्येकी १५ लाख रुपयांपर्यंत दंड केला. मुंबईच्या रोखे अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. बाजारातल्या शेकडो अफवांपैकी ही एक खरी आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक होते असे दिसत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. हा निकाल महत्त्वाचा आहे, कारण साधे फॉरवर्ड आणि माहितीची चोरी यांतला फरक त्याने जपला.

२०१३ च्या नियमांत एक सवलत आहे आणि पुढची बरीच गुंतागुंत तिथूनच सुरू होते. वर्तमानपत्रे, नियतकालिके, दूरचित्रवाणी किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून सर्वांना खुलेपणाने मिळणारे मत ‘गुंतवणूक सल्ला’ धरले जात नाही. सवलतीमागचा हेतू योग्यच आहे. अर्थविषयक स्तंभ लिहिणाऱ्या प्रत्येकाला परवाना मागितला तर लोकांचे अर्थशिक्षणच थांबेल. पण नियम लिहिले गेले तेव्हा ‘सर्वांना खुले माध्यम’ म्हणजे संपादक असलेले, छापणारा आणि जबाबदार धरता येणारा माणूस असलेले माध्यम, असे गृहीत होते. पुढच्या काही वर्षांत स्वस्त डेटा आला, डिमॅट खाते मोबाइलवर दहा मिनिटांत उघडू लागले, करोनाच्या टाळेबंदीत लाखो तरुण बाजारात आले आणि त्या सवलतीच्या छपराखाली संपादक नसलेली हजारो चॅनेल उभी राहिली.

खुल्या माध्यमाचा असा वापर काही नवा नाही. १९९२ च्या घोटाळ्यानंतर तुरुंगातून सुटून आलेल्या हर्षद मेहताने १९९७-९८ च्या सुमारास वृत्तपत्रांत स्तंभ लिहिले आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून शेअर सुचवले. लोक ते वाचून खरेदी करत होते. त्याच काळात बीपीएल, व्हिडिओकॉन आणि स्टरलाइट या शेअरचे भाव कृत्रिमरीत्या चढवल्याचे सेबीला आढळले आणि २००१ मध्ये त्याला बाजारातून कायमचे हद्दपार करण्यात आले. दूरचित्रवाणीही सुटली नाही. २०२१ मध्ये एका व्यापार वाहिनीच्या निवेदकावर सेबीने कारवाई केली. कार्यक्रमात जे शेअर सुचवले जाणार, ते आदल्या दिवशी त्याच्या कुटुंबीयांच्या खात्यांत घेतले जात आणि प्रक्षेपणानंतर भाव चढताच विकले जात, असा ठपका होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांच्या प्रकरणात ७ कोटी ४१ लाख रुपये रोखून धरले गेले. म्हणजे इन्फ्लुएन्सर वाईट आणि जुनी माध्यमे सोज्वळ, अशी विभागणी करता येत नाही.

फुकट सल्ल्यातून पैसे कसे निघतात, ते एकदा नीट पाहायला हवे. सर्वात भयंकर वाट साधना ब्रॉडकास्ट प्रकरणात दिसली. जुलै २०२२ मध्ये ‘द ॲडव्हायझर’ आणि ‘मनीवाइज’ या यूट्यूब चॅनेलांवर या छोट्या कंपनीबद्दल व्हिडिओ झळकले. अदानी समूह ही कंपनी विकत घेणार, अशा निखालस खोट्या बातम्या त्यांत होत्या. जाहिरातींवर पैसा ओतून हे व्हिडिओ लाखो लोकांपुढे नेले गेले. छोट्या गुंतवणूकदारांची झुंबड उडाली, भाव वर गेला आणि ज्यांनी आधी शेअर जमवले होते त्यांनी ते विकून टाकले. मे २०२५ च्या अंतिम आदेशात ५९ जणांना एक ते पाच वर्षांसाठी बाजारबंदी झाली आणि ५८ कोटींहून अधिक रुपये व्याजासह परत करायला सांगितले गेले. त्यात एक प्रसिद्ध हिंदी चित्रपट अभिनेताही होता. त्याला एक वर्षाची बंदी आणि ५ लाखांचा दंड झाला. ते व्हिडिओ पाहायला कुणी एक रुपयाही घेतला नव्हता, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

दुसरी वाट इतकी उघड गुन्हेगारीची नाही, म्हणून ती जास्त पसरली. व्हिडिओखाली डिमॅट खाते उघडण्याची लिंक असते. त्या लिंकवरून आलेल्या ग्राहकाने जितके व्यवहार करावेत, तितका ब्रोकरच्या दलालीतला वाटा बोलणाऱ्याला मिळत राही. अशा माणसाने ‘वर्षातून दोनदा बघा आणि बाकी वेळ विसरून जा’ असे सांगणे त्याच्या तोट्याचे होते. मग रोज सकाळी नवे टार्गेट, नवा स्टॉपलॉस, बँक निफ्टीच्या ऑप्शनमधली नवी संधी. तिसरी वाट टेलिग्रामची. खुल्या चॅनेलवर फुकट कॉल द्यायचे, त्यातले जमलेले ठळक करायचे, फसलेले पुसून टाकायचे आणि भुललेल्यांना पैसे भरून आतल्या ग्रुपमध्ये बोलवायचे. हे ‘सर्वांना खुले माध्यम’ नव्हेच. खुले चॅनेल हे इथे फक्त मासळीसाठी टाकलेले आमिष असते.

चौथी वाट शिकवणीची. महाराष्ट्राशी तिचा संबंध सर्वात जवळचा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने कर्जतच्या अवधूत साठे ट्रेडिंग अकादमीविरुद्ध अंतरिम आदेश काढला. अकादमीने ३ लाख ३७ हजारांहून अधिक जणांकडून सुमारे ६०१ कोटी रुपये जमवल्याचे त्यात म्हटले आहे आणि त्यांपैकी ५४६ कोटी १६ लाख रुपये रोखून धरण्याचे निर्देश आहेत. शिक्षणाच्या नावाखाली, चालू बाजारात विशिष्ट शेअरच्या खरेदी-विक्रीचा सल्ला दिला जात होता आणि त्यासाठी लागणारी नोंदणी नव्हती, असे सेबीचे प्रथमदर्शनी मत आहे. आदेश अंतरिम आहे, म्हणजे आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत, आणि अकादमीला आपली बाजू मांडण्याचा पूर्ण हक्क आहे. पण त्या आकड्यांतून एक गोष्ट आजच दिसते. बाजार कुणीतरी समजावून सांगावा, यासाठी लाखो माणसे घसघशीत फी मोजायला तयार आहेत. ती मूर्ख आहेत म्हणून तिथे गेली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या भाषेत, त्यांच्या आवाक्यात, समोर बसून समजावणारे दुसरे कुणी त्यांना भेटले नाही.

म्हणूनच सेबीने गेल्या दोन वर्षांत घातलेले बांध समजून घ्यायला हवेत. बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मागे धावणे शक्य नाही, हे ओळखून तिने पैशाचा नळच धरला. ऑगस्ट २०२४ मधल्या दुरुस्तीने ब्रोकर, म्युच्युअल फंड आणि अन्य नोंदणीकृत संस्थांना, नोंदणी नसताना सल्ला देणाऱ्या किंवा परताव्याचे दावे करणाऱ्या व्यक्तींशी पैशाचे, ग्राहक पाठवण्याचे वा तांत्रिक देवाणघेवाणीचे संबंध ठेवायला मनाई केली. जो निव्वळ शिकवतो त्याला यातून सूट आहे. पण शिकवणे कुठे संपते आणि सल्ला कुठे सुरू होतो? जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने त्यावर रेघ ओढली. अशा शिक्षकाने एखाद्या शेअरचा भविष्यातला भाव किंवा शिफारस सुचेल अशा रीतीने बोलताना गेल्या तीन महिन्यांतल्या भावांची आकडेवारी वापरायची नाही.

या तीन महिन्यांच्या अटीवर बरीच ओरड झाली. हा अभिव्यक्तीवर घाला आहे, असेही म्हटले गेले. ते पटण्यासारखे नाही. ताळेबंद कसा वाचावा, कर्ज आणि भांडवल यांचे प्रमाण कसे पाहावे, नफा वाढूनही रोख का आटते, हे शिकवायला आजचा भाव लागत नाही. मागच्या वर्षीचा तक्ता घेऊनही ‘सपोर्ट’ आणि ‘रेझिस्टन्स’ समजावता येतात. आजच्या सव्वानऊचा भाव लागतो तो विद्यार्थ्याला आजच सौदा करायला लावण्यासाठी. ज्या शिक्षकाला या अटीने धंदा बुडेल असे वाटते, त्याचा धंदा मुळात शिक्षणाचा नव्हता, असे मानायला जागा आहे. शिवाय ही अट रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडाला लावलेले कुलूप नाही. नोंदणीकृत संस्थांनी कुणाशी नाते ठेवायचे, याची ती कसोटी आहे.

नियमांमागे किती मोठे नुकसान आहे, ते सेबीच्याच अभ्यासात दिसते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तो सरासरी सुमारे दोन लाख रुपयांचा होता. सर्वांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण ४३ टक्क्यांवर गेले होते, आणि चारांपैकी तिघांचे जाहीर केलेले वार्षिक उत्पन्न पाच लाखांहून कमी होते. पाच लाखांच्या आत कमावणाऱ्या घरातून दोन लाख गेले म्हणजे काय होते, ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. बहिणीचे लग्न लांबते, घराचा हप्ता थकतो, पतसंस्थेचे कर्ज अंगावर येते. तरीही २०२४-२५ मध्ये तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के राहिले आणि वर्षाचा निव्वळ तोटा एक लाख कोटींच्या पुढे गेला.

एवढे सगळे नियम आणि आदेश असूनही खरी पोकळी भरलेली नाही. देशात डिमॅट खाती २० कोटींच्या पुढे गेली आहेत. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार हजाराच्या आसपास. म्हणजे ढोबळ हिशेबाने दोन लाख खात्यांमागे एक, आणि तेही मोठ्या शहरांत एकवटलेले. लातूर, बुलढाणा किंवा चंद्रपूरमध्ये एसटीतून निवृत्त झालेल्या वाहकाच्या हाती भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम पडते, तेव्हा त्याच्याभोवती कोण असते? विम्याचा एजंट असतो, बँकेचा विक्री अधिकारी असतो, फंडांचा वितरक असतो. त्यांतले अनेक जण सचोटीचे आहेत. पण त्यांचे उत्पन्न विकलेल्या योजनेच्या कमिशनमधून येते. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाची ‘डायरेक्ट’ योजना वितरकाविना, म्हणून कमी खर्चात, मिळू लागली. ज्याचे घर वितरणावर चालते तो ती स्वतःहून कशी सुचवणार? केवळ ग्राहकाकडून फी घेणारा, कमिशनला न शिवणारा सल्लागार या वाहकाला हवा आहे, आणि तो त्याच्या तालुक्यात नाही. म्हणून तो मोबाइलकडे वळतो.

या बाबतीत सेबीने उशिरा का होईना, योग्य पाऊल उचलले. आधी व्यक्तिगत सल्लागाराला पदव्युत्तर पदवी, पाच वर्षांचा अनुभव आणि पाच लाखांची नक्त मालमत्ता दाखवावी लागे. डिसेंबर २०२४ च्या बदलांनी ही दारे रुंद केली. आता पदवी आणि सेबीच्याच एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षा पुरेशा आहेत, नक्त मालमत्तेच्या जागी ठेव आली आहे, ती दीडशे ग्राहकांपर्यंत एक लाख रुपये आहे, आणि दुसरा व्यवसाय सांभाळून अर्धवेळ सल्लागारी करायलाही परवानगी मिळाली आहे. ठरावीक फी एका कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजारांच्या वर घेता येत नाही. जिल्ह्याच्या गावी वाणिज्य शाखेचे पदवीधर, कर सल्लागार, निवृत्त बँक अधिकारी काही थोडे नाहीत. त्यांच्यासाठी ही खरी संधी आहे. एनआयएसएमचे आवार तर रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला आहे. या परीक्षांची उत्तम तयारी मराठीतून करून देणे राज्यातल्या विद्यापीठांना आणि वाणिज्य महाविद्यालयांना अवघड जाऊ नये. तीन लाखांहून अधिक माणसे एका अकादमीकडे जाऊ शकतात, तर त्यांतल्या हजारभरांनी परीक्षा देऊन रीतसर सल्लागार व्हावे, असे कुणीतरी ठरवायला हवे.

तोवर ऐकणाऱ्याच्या हातात काही साधने आहेत आणि ती वापरायला इंग्रजी फार लागत नाही. नोंदणीकृत सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर नावासकट ताडून पाहता येतो. नुसता क्रमांक छापलेला असणे पुरेसे नाही, कारण दुसऱ्याचा क्रमांक चोरूनही लावला जातो. १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत संस्थांना पैसे घेण्यासाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेला खास यूपीआय पत्ता मिळाला आहे आणि तो खरा आहे का, हे ‘सेबी चेक’ या सुविधेवर पाहता येते. फी कुणा व्यक्तीच्या साध्या यूपीआयवर किंवा क्यूआर कोडवर मागितली, तर तिथेच थांबावे. वाद झाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार यंत्रणेवर तक्रार करता येते, पण ती दाद नोंदणीकृत माणसाविरुद्धच परिणामकारक ठरते. टेलिग्रामवरच्या टोपणनावाविरुद्ध तक्रार करणाऱ्याला पोलिसांच्या सायबर शाखेचे दार ठोठावावे लागते आणि तोवर पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतात.

प्लॅटफॉर्मचीही जबाबदारी आहे. दिशाभूल करणारी ७० हजारांहून अधिक खाती आणि मजकूर काढून टाकायला लावल्याचे सेबीने मार्च २०२५ मध्ये सांगितले. काढलेल्या चॅनेलच्या जागी दुसऱ्या नावाने नवे उभे राहायला एक दुपार पुरते. म्हणून शेअर सुचवणाऱ्या जाहिरातीमागच्या माणसाची ओळख जाहिरात घेण्याआधीच पटवणे, ही सक्ती सर्व माध्यमांवर आणि सर्व भाषांत सारखी हवी. फसवणुकीच्या मराठी जाहिराती इंग्रजीइतक्याच काटेकोरपणे तपासल्या गेल्या पाहिजेत. सेबीने स्वतःपुरते एक काम तातडीने करावे. तिचे आदेश इंग्रजीत, अनेकदा शंभराहून अधिक पानांचे असतात. ज्या आदेशात हजारो मराठी माणसांचे पैसे अडकले आहेत, त्याचा दोन पानी मराठी गोषवारा त्याच दिवशी यायला हवा. एनएसईच्या नोंदीत सर्वाधिक गुंतवणूकदार महाराष्ट्रातले आहेत आणि सेबीचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ही मागणी अवाजवी नाही.

आणि वृत्तपत्रांनाही यातून अंग काढून घेता येणार नाही. २०१३ ची सवलत सर्वात आधी त्यांच्यासाठी होती. दुसरीकडे २०१४ च्या संशोधन विश्लेषक नियमांत, सार्वजनिक माध्यमातून शेअरची शिफारस करणाऱ्याने आपले नाव, नोंदणीची स्थिती आणि त्या शेअरमधला आपला आर्थिक हितसंबंध सांगावा, अशी अपेक्षा आहे. मराठी दैनिकांच्या अर्थविषयक पानांवर शेअर किंवा फंड सुचवणाऱ्या प्रत्येक स्तंभाखाली तीन ओळी छापता येतील: लेखक नोंदणीकृत आहे का आणि असल्यास क्रमांक काय, सुचवलेली गुंतवणूक त्याच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या नावावर आहे का, आणि त्या योजनेच्या विक्रीतून त्याला काही मिळते का. त्यासाठी सेबीच्या नव्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. येत्या सोमवारच्या अंकापासून ते सुरू करता येईल.